दोन इंची पाइपचं भोक आणि कार्बाइडचे उडालेले दात

निपाणीजवळ फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या एका तरुण कारागिराचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "अण्णा, गुऱ्हाळासाठी रसाच्या तीन टाक्या करायला घेतल्यात. 304 चा (स्टेनलेस स्टील, म्हणजे एसएसचा) 3 मिमी पत्रा, टाकीचा व्यास 4 फूट, प्रत्येकीला 2 इंची पाइपची चार भोकं. टीसीटीचा (दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड बसवलेला) 50 मिमीचा होल कटर आणला आणि नेहमीच्या 13 मिमी ड्रिल मशीनला लावला. पहिल्याच भोकाला दोन दात उडाले. दुसरं कसंबसं झालं. तिसऱ्याला कटर नुसता घासत राहिला आणि पत्रा निळा पडला. दुकानदार म्हणतो भारीतला घ्या. कटर खराब होता की माझं चुकलं? बाय-मेटल घेऊ का? आणि स्टँडच्या 10 मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमध्ये 50 ची आठ भोकं पाडायचीत, त्यासाठी मॅग्नेटिक ड्रिल घ्यावं का?" सोबत कटरचे चार फोटो आहेत.

फोटो जवळून काढलेत म्हणून बरं झालं, कारण उत्तर बरंचसं त्यातच आहे. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती वाचेपर्यंत चौथं भोक पाडू नका. 2 इंची पाइप 50 मिमीच्या भोकात जाणार नाही.

पाइपचा दोन इंच हा आकडा त्याच्या बाहेरच्या मापाचा नसतो. 2 इंची पाइपचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी भरतो. दीड इंचीचा 48.3, एक इंचीचा 33.7, अर्धा इंचीचा 21.3. मग दुधाच्या कामाची नळी बघा. डेअरीची एसएस ट्यूब बाहेरच्या मापानं विकतात, तिची 2 इंची म्हणजे खरोखर 50.8 मिमी. दोन्हीला आपण 'दोन इंची'च म्हणतो आणि फसतो. तुम्ही रसाच्या टाकीला साधा पाइप निपल लावणार असाल तर 60 चा कटर लागेल आणि उरलेला केसभर काठ घासून काढावा लागेल, डेअरीची ट्यूब असेल तर 51 चा. जो तुकडा बसवायचाय तो हातात घ्या, त्याला व्हर्निअर लावा आणि मगच कटरचा आकडा ठरवा. माझ्याकडं बेळगावच्या उद्यमबागेत येणाऱ्या दर दहा जणांतले दोन-तीन तरी हीच चूक करून येतात. तोवर पत्रा कापून झालेला असतो.

जी दोन भोकं 50 ची पडलीत, त्यांवर 60 चा कटर लावायचा प्रयत्न करू नका. मधल्या पायलटला (कटरला केंद्रावर धरणाऱ्या बारीक ड्रिलला) धरायला पत्राच उरलेला नाही. कटर फिरला की पत्र्यावर नाचतो, आणि कार्बाइडचा दात त्या नाचण्यात पहिल्या दोन सेकंदांत जातो. स्क्रायबरनं 60 चं वर्तुळ आखा, डाय ग्राइंडरला कार्बाइडचा बर (कानशीसारखं छोटं फिरतं टोक) लावा आणि चहूबाजूंनी 5 मिमी खात न्या. दोन भोकांसाठी अर्धा-पाऊण तास जाईल, पण टाकी वाचेल.

आता फोटोंकडं येतो.

टीसीटी कटरचा दात दोन भागांचा असतो. अंग साध्या पोलादाचं, आणि टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा ब्रेझिंगनं, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या मसाल्यानं, चिकटवलेला. आमच्या पिढीचे टर्नर याला अजून विडियाच म्हणतात. 1923 मध्ये जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये घट्ट बसवून हे मिश्रण तयार केलं. पुढं क्रुप कंपनीनं ते 'विडिया' नावानं बाजारात आणलं. जर्मन भाषेतल्या 'हिऱ्यासारखं' या शब्दांचा तो जोड आहे. हिऱ्याची उपमा दोन्ही बाजूंनी खरी आहे. कार्बाइड कठीण इतकं की हायस्पीड स्टील 600 अंशांच्या आसपास नरम पडतं, तिथं हे 800 अंशांच्या वरही धार धरून राहतं. आणि ठिसूळ इतकं की कटर बाकावरून फरशीवर पडला तर एखादा टवका गेलाच म्हणून समजा.

दात गेला की तो कसा गेला हे त्याच्या जागेवरून कळतं. भिंग घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. कार्बाइडचा अर्धा तुकडा जागेवर असेल आणि तुटलेला भाग करड्या दाणेदार दगडासारखा दिसत असेल, तर दात आपटून तुटला. सगळा तुकडाच निघून गेला असेल आणि खाली पिवळट-पांढरं चकचकीत ब्रेझिंग उघडं पडलं असेल, तर उष्णतेनं सांधा सैल झाला किंवा सांधा मुळातच कच्चा होता. चांदीच्या ब्रेझिंगचा मसाला साधारण 650 ते 700 अंशांना वितळतो, म्हणजे कार्बाइड शाबूत असतानाच त्याच्या पायाखालची जमीन जाते. दात जागेवर आहे पण टोक गोल झालंय आणि त्याखालचं पोलाद निळं पडलंय, तर वेग फार होता.

तुमच्या पहिल्या फोटोत दोन दात अर्धे तुटलेत, जागेवर करडा दाणा दिसतोय. शेवटच्या फोटोत उरलेल्या दातांची टोकं गोल आहेत आणि कटरच्या कडेवर निळी पट्टी आहे. म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. आधी दात आपटून तुटले, मग उरलेले घासून जळले. कटर खराब असता तर ब्रेझिंग उघडं दिसलं असतं, तसं एकाही जागी दिसत नाही. म्हणून दुकानदार सांगतो तसा भारीतला कटर आणून उपयोग नाही. याच पद्धतीनं वापरलात तर तोही पहिल्याच भोकाला जाईल.

दात आपटले कसे, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त कटर यातच जातात आणि लोक मात्र धातूला दोष देतात. कटरच्या मध्ये 6 मिमीचा पायलट असतो, तो दातांच्या पुढं चार-पाच मिमी निघालेला असतो. पायलट बहुतेक वेळा साध्या हायस्पीडचा. एसएसवर तो लवकर बोथट होतो. मग आपण मशीनवर भार देतो, आणखी देतो, छाती टेकवतो. पायलट शेवटी पत्रा फोडून पलीकडं जातो, आणि ज्या भारानं तुम्ही मशीन दाबत होता त्या सगळ्या भारासकट फिरते दात पत्र्यावर धाडकन पडतात. कटरच्या आत स्प्रिंग असते ती थोडाच मार झेलते. कार्बाइडला दाब चालतो, आपटणं चालत नाही. तुमच्या चौथ्या फोटोत पायलटचं टोक दिसतंय, त्याची धार चपटी होऊन चकाकतेय. इथंच सगळं सुरू झालं.

याला उपाय अगदी स्वस्त आहे. पायलटचं भोक आधी वेगळ्या 6 मिमी ड्रिलनं पाडून घ्या. सेंटर पंच मारा, कोबाल्टचं ड्रिल असेल तर उत्तम, 600 च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे), थेंबभर तेल. मग कटर लावा. पायलट नुसता त्या भोकात बसेल, दात हळूच पत्र्याला टेकतील आणि तुमचा हात भार आवरून धरू शकेल. एकच पथ्य आहे. भोक पायलटच्या मापाचंच हवं, साडेसहा-सात करू नका. मोकळं झालं की कटर डगमगतो, आणि डगमगणं म्हणजे पुन्हा दातांना मार. याला दुसरंही कारण आहे. 60 च्या कटरला मानवणाऱ्या वेगावर 6 मिमीच्या पायलटची टोकाची गती मिनिटाला दोन मीटर पडते. तेवढ्या गतीला तो एसएस कापत नाही, चोळतो. 304 चा स्वभाव असा की चोळलं की तो तिथंच कडक होतो. एकाच मशीनवर दोघांना एकाच वेळी खूश करता येत नाही, म्हणून भोकं दोन वेळा पाडायची.

आता वेग. तुमचं 13 मिमीचं मशीन बहुतेक 2800 आरपीएमचं असणार. 50 मिमीचा कटर त्या वेगानं फिरला तर त्याचा दात मिनिटाला 440 मीटर धावतो. 304 वर हातातल्या मशीननं टीसीटीला 20 मीटरच्या आसपास गती पुरते. म्हणजे तुम्ही बावीस पट वेगानं चालवत होता. निळा पत्रा आणि गोल झालेली टोकं त्यातून आली.

हिशेब सोपा आहे, भिंतीवर लिहून ठेवा. 318 ला दाताच्या गतीनं गुणायचं आणि कटरच्या मिमी मापानं भागायचं. एसएससाठी गती 20 धरा, साध्या एमएस पत्र्यासाठी 30 ते 35. 60 चा कटर एसएसवर: 318 गुणिले 20 भागिले 60, म्हणजे 106. शंभर ते सव्वाशे आरपीएम. तेवढ्या वेगाला कटरचे दात डोळ्यांना जवळजवळ मोजता येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीनमध्ये जीवच नाही.

इथं बरेच जण म्हणतात, मी ट्रिगर अर्धाच दाबतो की. तसं करू नका. एका गिअरच्या वेगवान मशीनचा ट्रिगर कमी दाबला की फेरे कमी होतात, पण जोर वाढत नाही. आतला पंखाही हळू फिरतो, म्हणून मोटर तापते. दात अडकला की मशीन थांबतं, तुम्ही पुन्हा ट्रिगर दाबता आणि ते झटका मारून सुटतं. तो प्रत्येक झटका दातावर बसतो. दोन स्पीडचं मशीन घ्या, लो गिअर टाका. लो गिअरला 400-500 पर्यंत फेरे असतात, त्यातला खालचा चौथा हिस्सा तुमच्या कामाचा. हॅमरची कळ बंद आहे ना, हे दोनदा बघा. कार्बाइडवर हॅमर चालला तर सगळेच दात झडतात, एक-दोन नव्हे.

आणखी एक अडचण खास आपल्या भागातली. गुऱ्हाळ असतं मळ्यात, डीपीपासून लांब. तुम्ही टाकी तिथं नेऊन उरलेली भोकं पाडणार असाल, तर शे-दोनशे फुटांची बारीक वायर ओढली जाते आणि शेवटी मशीनला मिळणारं व्होल्टेज पार खाली येतं. मशीन फिरतं, पण अंगात जोर नसतो. दात पत्र्यात शिरला की अडकतो. चिकोडी भागात मी स्वतः एका जागी दोन कटर असे घालवले आणि दोष पत्र्याला देत बसलो. शेवटी एका वायरमननं मीटर लावून दाखवलं, मशीनपाशी 170 व्होल्ट येत होते. भोकं दुकानातच पाडून न्या. नाइलाज असेल तर जाड वायर न्या, निदान अडीच स्क्वेअर मिमीची.

हाताचं सांगतो, हे वाचून सोडून देऊ नका. मोठा कटर अडकतो तेव्हा कटर थांबतो आणि मशीन फिरायला लागतं. लो गिअरला चांगल्या मशीनचा जोर 40 न्यूटन मीटर असतो. फूटभर लांब बाजूच्या दांड्यावर तेरा-चौदा किलोचा फटका, तोही एका क्षणात. माझं मनगट यानंच मोडलं. एका साखर कारखान्यात शिडीवर उभा होतो, ट्रिगर लॉक केलेला, बाजूचा दांडा काढून ठेवलेला, कारण दोन पाइपांच्या मधल्या जागेत तो बसत नव्हता. भोक संपता संपता दात अडकला. मशीननं माझा हात मागच्या पाइपवर आपटला, आणि लॉक लागलेला असल्यामुळं ते थांबलंही नाही, पुन्हा फिरून आलं. तीन महिने कामावर जाता आलं नाही. अजून थंडीत ते मनगट ठणकतं. ट्रिगर लॉक करायचा नाही, दांडा काढायचा नाही, शिडीवरून मोठं भोक पाडायचं नाही. कटर अडकला की जोर तोडणारा क्लच असलेलंच मशीन घ्या. हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ जायचं नाही, बोटासकट मोजा ओढला जातो. चश्मा मात्र हवाच. एसएसचा किस सुईसारखा असतो, डोळ्यात गेला तर चुंबकानंही निघत नाही.

कोणता कटर घ्यायचा, हा तुमचा मूळ प्रश्न. टीसीटी कटर दोन घराण्यांचे असतात आणि दुकानात दोन्ही एकाच नावानं मिळतात. एक उथळ. त्याची कापायची खोली चार-पाच मिमीच, आणि वर एक कडा असते ती पत्र्याला टेकली की कटर आत घुसत नाही. दुसरा खोल, 25 मिमीपर्यंत कापणारा. पत्र्याच्या कामाला उथळच घ्या. त्याचं अंग आखूड म्हणून हलणं कमी. शिवाय भोक फुटतं त्या क्षणी कटर धसकन आत जातो, तो धक्का ती कडा झेलते.

पण तुमची टाकी गोल आहे, मग उथळ कटर पुरेल का? मोजून बघू. 4 फुटांच्या टाकीवर 60 च्या भोकापुरती गोलाई पाऊण मिमी भरते. 3 मिमी पत्रा अधिक पाऊण, म्हणजे पावणेचार. कटरच्या आत बसलं. तेच 8 इंची पाइपवर 60 चं भोक असतं तर गोलाई सव्वाचार मिमीच्या घरात गेली असती. बाजूचे दात पाइपची जाडी पार करायच्या आत कटरची कडा पाइपला टेकली असती आणि बाजूचा भाग कापलाच गेला नसता. असल्या कामाला उथळ टीसीटी चालत नाही. बाय-मेटल लावा आणि धीर धरा. तुमच्या टाकीवरसुद्धा सुरुवातीला कटर फक्त दोन जागी टेकेल, टाकीच्या उंचीच्या रेषेवर, वर आणि खाली. तेवढं पाऊण मिमी उतरेपर्यंत प्रत्येक दात पत्र्यात शिरतो, हवेत जातो, पुन्हा शिरतो. तेवढा वेळ हात अगदी हलका ठेवा. पूर्ण वर्तुळ टेकलं की आवाज बदलतो. आधी टक-टक-टक येत असतं, मग एकसलग खर्रर्र सुरू होतं. तो आवाज आला की मगच भार द्या.

आणि भार दिला की सोडू नका. आपल्या भागात 'सावकाश' हा शब्द मराठीतही चालतो आणि कानडीतही. माझ्याकडची अर्धी पोरं कानडी बोलणारी, त्यांना मी दिवसभर हेच सांगत असतो. पण त्यातून एक गैरसमज झाला. पोरं फेरेही सावकाश ठेवायची आणि भारही भीतभीत द्यायची. फेरे सावकाश, भार ठाम, असं आहे ते. 304 वर दात नुसता फिरत राहिला, कापला नाही, तर तो पत्र्याची वरची कातडी कडक करून ठेवतो. पुढचा फेरा त्या कडक कातडीवर चालतो. तुमच्या तिसऱ्या भोकाला नेमकं हेच झालं. एकदा कापायला लागलात की किस निघत राहील इतका दाब सतत ठेवा. थांबायचं असेल तर कटर वर उचला, पत्र्यावर फिरत ठेवू नका. शेवटच्या अर्ध्या मिमीला मात्र भार पुन्हा कमी करा. चकती सुटायच्या आधी आवाज पातळ होतो, एका बाजूनं चकती हलायला लागते. त्या वेळी दाबलात तर चकती तिरकी होते आणि दोन दातांच्या मध्ये अडकते. माझं मनगट गेलं ते याच क्षणी.

बाय-मेटलबद्दल. त्याच्या दातांची पट्टी कोबाल्ट मिसळलेल्या हायस्पीडची असते आणि ती लवचिक पोलादाच्या अंगाला जोडलेली असते. ते मार सहन करतं, वाकतं, पण टवका उडत नाही. हात बसलेला नसेल, मशीन डळमळीत असेल, पाइपसारखी गोलाई असेल किंवा भोकं दोन-चारच असतील तर मी बाय-मेटलच सांगतो. एसएसवर त्याला आणखी हळू चालवावं लागतं, 60 च्या मापाला साठ-सत्तर आरपीएम. तुमची बारा भोकं, एकाच मापाची, सपाट म्हणावीत इतपत गोलाईची. इथं टीसीटी उजवा आहे. काठ स्वच्छ येतो आणि वेल्डरचं काम कमी होतं. एक 60 चा उथळ टीसीटी घ्या, सोबत दोन जादा पायलट घ्या. पायलट वेगळा मिळत नसेल तर तो कटर घेऊच नका, कारण कटरच्या आधी पायलट संपतो.

मशीनला दम किती लागतो याची भीती धरू नका. 60 चं भोक म्हणजे सगळं 60 काढायचं नसतं. अडीच मिमी रुंदीचा चर तेवढा कापायचा असतो, मधली चकती आख्खी निघते. पूर्ण भोकाच्या मानानं सहावा हिस्सा धातू काढावा लागतो. म्हणूनच हे काम हातातल्या मशीननं होतं.

तेल-पाण्याचं एकच सांगतो. एसएसवर कटिंग ऑइल किंवा सोल्युबल ऑइल लावायचं तर सुरुवातीपासून सतत लावा. कटर लालबुंद होईपर्यंत कोरडा चालवून मग वर पाण्याचा शिपका मारलात तर कार्बाइडला बारीक तडे जातात. ते दिसत नाहीत, पुढच्या भोकाला दात जातो. बिडाला, म्हणजे कास्ट आयर्नला, कोरडंच कापा. आमच्या उद्यमबागेत फाउंड्रीमुळं बिडाचं काम रोजचं. तिथं कार्बाइड फार छान चालतं, पण वरच्या कातडीत वाळू असते, म्हणून आधी ग्राइंडरनं ती जागा उघडी करून घ्या. अॅल्युमिनियमवर रॉकेलचा हात फिरवला की किस दाताला चिकटत नाही. रसाची टाकी म्हणजे खाण्याची वस्तू, तेव्हा काम झालं की सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं तेल पूर्ण धुऊन काढा. एमएसवर वापरलेला वायर ब्रश एसएसवर फिरवू नका, लोखंडाचे कण रुततात आणि आठ दिवसांत तांबूस ठिपके दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं पत्रा डुप्लिकेट दिला.

स्टँडच्या 10 मिमी प्लेटचं वेगळं आहे. उथळ कटर तिथं पोचतच नाही, आणि हातातल्या मशीननं 10 मिमीत 50 ची आठ भोकं पाडायची म्हणजे हाताशी वैर. मॅग्नेटिक ड्रिलला अॅन्युलर कटर (मधली चकती आख्खी सोडून कडेचा चर कापणारा) लावून, सव्वादोनशेच्या आसपास फेरे ठेवून, ही भोकं निवांत होतात. पण आठ भोकांसाठी मशीन विकत घेऊ नका. निपाणीपासून कागल, कोल्हापूर जवळ, इकडं बेळगाव आहे. भाड्यानं आणा, नाहीतर प्लेटा पिलर ड्रिलवाल्याकडं पाठवा. कधी घेतलंच, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. 304 ला चुंबक चिकटत नाही, त्यामुळं तुमच्या टाकीला ते मशीन उपयोगाचं नाही. पातळ पत्र्यावरही त्याची पकड ढिली असते, 10 मिमीच्या पुढं ते खरं बसतं. आणि लाइट गेली की चुंबक सुटतो. उभ्या प्लेटवर लावलं असेल तर मशीन खाली, कदाचित तुमच्या पायावर. सोबत सेफ्टी चेन येते. तिला प्लेटभोवती वेढा मारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

गॅस कटिंगचा विचार एमएस प्लेटसाठी डोक्यात आला असेल. करा, स्टँडला चालतं. पण गॅसनं कापलेल्या काठावरून नंतर कार्बाइड फिरवू नका. तो काठ कडक झालेला असतो, वर स्लॅग असते. वेल्डच्या मण्यावरूनही नको, आधी मणी ग्राइंडरनं सपाट करा. एसएस तर ऑक्सि-गॅसनं कापलंच जात नाही.

जुन्या कटरचं काय करायचं, तेही सांगतो. उरलेल्या दातांना धार लावत बसू नका. साध्या करड्या ग्राइंडिंग व्हीलवर कार्बाइड घासलं जात नाही, नुसतं तापतं. हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं व्हील किंवा डायमंड व्हील लागतं. शिवाय इतके बारीक दात हातानं एका उंचीवर येत नाहीत. एक दात जरा वर राहिला तर सगळा भार त्याच्यावर, आणि तो जातो. दोन दात नसलेला कटर तसाच चालवला तरी रिकाम्या जागेनंतरच्या दाताला दुप्पट खावं लागतं. तो कटर बाजूला ठेवा.

नवा कटर आला की पहिलं भोक टाकीवर पाडू नका. उरलेल्या 3 मिमी पत्र्याचा तुकडा बाकाला दोन क्लॅम्पनी आवळा, खाली लाकूड ठेवा, 6 चं भोक पाडून घ्या आणि शंभर-सव्वाशे फेऱ्यांवर कटर टेकवा. निघणारा किस हातात न घेता बघा. आखूड, चकचकीत, चंदेरी कुरळे निघत असतील तर वेग आणि भार जुळलाय. निळे-तपकिरी असतील तर फेरे कमी करा. पिठासारखा भुगा पडत असेल तर भार कमी पडतोय, दाब वाढवा. चकती सुटली की ती लगेच उचलू नका, भाजेल. थंड झाल्यावर तिचा काठ बघा आणि भोकात तुमचा पाइप घालून बघा. त्या तुकड्याचा आणि किसाचा फोटो पाठवा, मग टाकीला हात लावायचं बघू.